डाइव्ह रिसॉर्ट, कॅरिबियन

स्कूबा साधनांनिशी, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरातील हवा घेत पाण्याखाली श्वास घेण्याच्या साधनांनिशी, बुडी मारणाऱ्या हौशी पाणबुड्यांसाठी बांधलेले व चालवलेले किनाऱ्यावरील निवासस्थान. किनाऱ्यावरच्या बहुतेक हॉटेलांत स्कूबाची सोय एखाद्या बाहेरच्या व्यावसायिकाला भाड्याने दिलेली असते. येथे मात्र हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर, सिलिंडरांचा साठा, साधने धुण्याचे हौद, ती वाळत घालण्याची जागा आणि धक्का यांची मांडणी आधी ठरते व खोल्या तिच्या सोयीने बसवल्या जातात. भाडेही बहुधा खोली आणि बुड्या मिळून आठवड्याच्या हिशेबाने आकारतात. केमन बेटे, होंडुरासचे रोआतान, मेक्सिकोचे कोसुमेल, बेलीझची कंकणद्वीपे व बोनेअर ही या प्रकाराची प्रमुख ठिकाणे होत. त्यांपैकी बोनेअरचे उदाहरण सर्वांत जास्त अभ्यासले गेले असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

उगमाचा प्रश्न : पहिले डाइव्ह रिसॉर्ट कोणते याविषयी मतभेद आहेत आणि ते बव्हंशी व्याख्येतून उद्भवतात. झाक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये श्वासाच्या मागणीनुसार हवा सोडणारा रेग्युलेटर सिद्ध केला. युद्धानंतर ही साधने बाजारात आली आणि १९५० च्या दशकात अमेरिकन हौशी मंडळी त्यांसह उबदार पाण्याच्या शोधात दक्षिणेकडे वळू लागली. ग्रँड केमन बेटावर बॉब सोटो यांनी १९५७ मध्ये सुरू केलेला व्यवसाय हा कॅरिबियनमधील पहिला हौशी स्कूबा व्यवसाय म्हणून बहुतेक ठिकाणी नोंदला जातो. तथापि सिलिंडर भरून देणे व नावेतून बुडीच्या जागी नेणे हा त्याचा गाभा होता. त्यास रिसॉर्ट म्हणणे ओढाताणीचे ठरेल.

दुसरा दावा बहामाजमधील अँड्रॉस बेटाचा. तेथे डिक बर्च या कॅनडाहून आलेल्या गृहस्थांनी १९६० मध्ये स्मॉल होप बे लॉज सुरू केले. निवास व बुडी एकाच व्यवस्थेत आणण्याचा हा बहुधा सर्वांत जुना, आजही टिकून असलेला प्रयत्न असावा. बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगतची प्रवाळभित्ती ओलांडली की समुद्रतळ ‘टंग ऑफ द ओशन’ या खोल गर्तेत उतरतो. हे लॉज तेथेच का उभे राहिले, याचे उत्तर या रचनेत आहे. आक्षेप भौगोलिक आहे : बहामाज बेटे अटलांटिक महासागरात मोडतात, कॅरिबियन समुद्रात नव्हे. उलट राजकीय व सांस्कृतिक दृष्ट्या ती कॅरिबियनचाच भाग समजली जातात. कॅरिबियन देशांच्या ‘कॅरिकॉम’ या संघटनेचे बहामाज १९८३ पासून सदस्य आहे. काटेकोर भूगोल लावल्यास अँड्रॉस बाद होते आणि त्याचबरोबर फ्रीपोर्ट येथे १९६५ मध्ये ॲल टिलमन यांच्या पुढाकाराने निघालेले ‘अनेक्सो’ हे प्रशिक्षणप्रधान केंद्रही बाद होते.

मग उरतात रोआतान व बोनेअर. रोआतानवरील अँथनीज की रिसॉर्टची सुरुवात १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाली, असे सामान्यतः मानतात; पण आरंभीच्या काळात ते कितपत पाणबुड्यांसाठीच होते, हे सांगणे कठीण आहे. बोनेअरवरील कॅप्टन डॉन्स हॅबिटॅटचे वर्ष, १९७६, सर्वमान्य आहे. कालक्रमाने ते सर्वांत उशिराचे. तरीही पुढे जो नमुना ठिकठिकाणी उचलला गेला त्याची पूर्ण मांडणी येथे झाली. ‘पहिले कोणते’ यापेक्षा ‘नमुना कोणाचा’ हा प्रश्न अधिक फलदायी वाटतो आणि त्याचे उत्तर बोनेअरकडे झुकते.

हॅबिटॅटचे संस्थापक डॉन स्ट्यूअर्ट (१९२५–२०१४) हे कॅलिफोर्नियाचे. ‘व्हॅलेरी क्वीन’ या शिडाच्या जहाजातून ते मे १९६२ मध्ये बोनेअरला पोहोचले. बेटावर तेव्हा हॉटेले नावापुरतीच होती. त्यांतील एक दुसऱ्या महायुद्धातील स्थानबद्धांच्या छावणीच्या जागी उभे होते. ते चालवण्याचे काम स्ट्यूअर्ट यांच्याकडे आले. त्यांच्या कारकिर्दीविषयीच्या बऱ्याच कथांचा उगम ते स्वतःच असल्याने (ते रंगवून सांगण्यात पटाईत होते) त्या जपून घ्याव्या लागतात. प्रवाळावर नांगर टाकला जाऊ नये म्हणून कायमचे बोये (नाव बांधण्यासाठीचे तरते खुंट) बसवण्याच्या पद्धतीचे श्रेय त्यांना देतात. बोनेअरवर ही पद्धत लवकर रुजली, यात शंका नाही. मात्र खडकात छिद्र पाडून बसवायच्या बोयांचे सुधारित तंत्र फ्लॉरिडात १९८० च्या दशकाच्या आरंभी जॉन हालस यांनी विकसित केले, हेही लक्षात घ्यावे लागेल.

बेट व प्रवाळभित्ती : व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याच्या उत्तरेस सुमारे ८० किमी.वर असलेल्या बोनेअरचे क्षेत्रफळ सु. २८८ चौ.किमी. असून १० ऑक्टोबर २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. राजधानी क्रालेन्डाइक. चलन अमेरिकन डॉलर, बोलभाषा पापियामेंतू. बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेस येते. पाऊस कमी पडतो व मोठी नदी नाही, त्यामुळे गाळ समुद्रात फारसा उतरत नाही व पाणी स्वच्छ राहते. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. परिणामी पूर्व किनारा सदैव खवळलेला, तर पश्चिम किनारा व समोरचे निर्जन क्लाइन बोनेअर हे बेट आडोशाला असते. सर्व रिसॉर्टे याच बाजूला आहेत.

येथील भित्ती अनुतट प्रकारची, म्हणजे किनाऱ्याला खेटून वाढलेली आहे. काठापासून उथळ वाळूचा व विरळ प्रवाळांचा पट्टा लागतो आणि साधारण दहा मीटर खोलीवर तो एकदम उतरणीला लागतो. बहुतेक ठिकाणी ही कड पोहत पाचएक मिनिटांत गाठता येते. केमन किंवा कोसुमेल येथे उत्तम जागांसाठी नाव लागते आणि नाव म्हटली की वेळापत्रक आले. बोनेअरच्या रिसॉर्टांना ते वेळापत्रक टाळता आले, याचे मूळ या रचनेत आहे. वाऱ्याचा हा आडोसा मात्र बिनशर्त नाही. नोव्हेंबर १९९९ मधील ‘लेनी’ हे वादळ रिवाजाविरुद्ध पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकले आणि त्याच्या लाटांनी याच बाजूचे उथळ प्रवाळ मोडले. ऑक्टोबर २००८ मध्ये ‘ओमार’नेही तसेच नुकसान केले.

वायू व साधने : भरण्याच्या खोलीत नेहमीची दोन मिश्रणे मिळतात. एक साधी संपीडित हवा. दुसरे नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण बहुधा ३२ टक्क्यांपर्यंत वाढवलेली हवा. दाबाखाली नायट्रोजन ऊतींत विरघळतो आणि वर येताना तो हळूहळू बाहेर पडला नाही तर रक्तात व सांध्यांत बुडबुडे धरतात; यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. नायट्रॉक्समध्ये नायट्रोजन कमी असल्याने तळाशी राहण्याची मुदत वाढते : १८ मी. खोलीवर साध्या हवेवर सु. ५५ मिनिटे, तर ३२ टक्के मिश्रणावर सु. दीड तास. मोल दुसरीकडे मोजावे लागते. ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणाच्या एकूण दाबातील त्याचा वाटा) १.४ बारच्या वर गेल्यास झटके येण्याचा धोका वाढतो, म्हणून या मिश्रणावर सु. ३३ मी.च्या खाली जात नाहीत. अमेरिकेच्या सागरी प्रशासनात मॉर्गन वेल्स यांनी हे मिश्रण १९७० च्या दशकात रूढ केले व डिक रुत्कोव्हस्की यांनी १९८५ पासून ते हौशी पाणबुड्यांना शिकवण्यास सुरुवात केली. धंद्यातून त्यास प्रथम कडवा विरोध झाला. आज बोनेअरच्या अनेक रिसॉर्टांत परवानाधारकास ते जादा आकार न घेता देतात. दिवसाला तीन-चार बुड्या मारणाऱ्या पाहुण्याची गरज पाहता हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

सिलिंडर बहुधा ॲल्युमिनियमचा, सु. ११ लिटर धारकतेचा, २०० बारच्या आसपास भरलेला. नायट्रॉक्सचा सिलिंडर उचलण्याआधी पाहुण्याने स्वतः तोटीला मापक लावून ऑक्सिजनचे प्रमाण तपासायचे, चिकटपट्टीवर ते, कमाल खोली व आद्याक्षरे लिहून ती सिलिंडरच्या मानेवर डकवायची आणि वहीत सही करायची, असा दंडक आहे. कर्मचारी हे काम करून देत नाहीत. चुकीच्या मिश्रणाची जबाबदारी श्वास घेणाऱ्यावर राहावी, हा त्यामागचा हेतू.

मुक्कामाचा क्रम : पाहुणा आल्यावर प्रशिक्षणाचा दाखला तपासतात, सागरी उद्यानाचे शुल्क भरून घेतात व नियम समजावून देतात. पहिली बुडी रिसॉर्टसमोरच्या भित्तीवरच घ्यावी लागते. शिशाची वजने नीट लागली आहेत ना, तरंगण्यावर ताबा आहे ना, हे तीत पाहिले जाते. जो पाय आपटतो तो प्रवाळ मोडतो. हातमोजे वापरण्यास मनाई आहे. हात उघडे असले की माणूस कशाला धरत नाही, इतका साधा हिशेब त्यामागे आहे.

त्यानंतर पाहुणा मोकळा. भरलेले सिलिंडर रात्रंदिवस मिळतात. भाड्याच्या पिकअप गाडीत ते टाकायचे आणि किनाऱ्याच्या रस्त्याने निघायचे. बुडीची जागा रस्त्याकडेच्या पिवळ्या रंगवलेल्या दगडावर नाव लिहून दाखवलेली असते. अशा नाव दिलेल्या जागा बेटाभोवती ऐंशीहून अधिक असून निम्म्याहून जास्त ठिकाणी काठावरूनच पाण्यात शिरता येते. ‘थाउजंड स्टेप्स’ येथे पायऱ्या सत्तरच्या आतबाहेरच आहेत. मात्र सिलिंडर पाठीवर घेऊन चढताना नावाबद्दल कोणी तक्रार करीत नाही. दक्षिणेस मिठागरांच्या धक्क्याखाली, खांबांच्या सावलीत माशांचे थवे असतात. जहाज लागलेले असताना तेथे उतरता येत नाही. १२ सप्टेंबर १९८४ रोजी बुडालेले, सु. ७२ मी. लांबीचे ‘हिल्मा हूकर’ हे जहाज सु. ३० मी. खोलीवर कुशीवर पडून आहे. त्यात मारिजुआनाचा मोठा साठा सापडला होता. गाडी उभी करताना आत काहीही ठेवू नये व दारे उघडीच सोडावीत, असे पाहुण्यांना सांगतात, कारण भुरट्या चोऱ्या होतात व फुटलेली काच महागात पडते.

रात्रीच्या बुड्यांना वेगळे महत्त्व आहे. रिसॉर्टसमोरच्या पाण्यात टार्पन हे माणसाएवढे रुपेरी मासे पाणबुड्याच्या विजेरीमागे लागतात आणि प्रकाशात सापडलेला लहान मासा मटकावतात. म्हणून आवडत्या माशावर झोत रोखू नये, असा इशारा देतात. पौर्णिमेनंतरच्या काही रात्री सूर्यास्तानंतर पाऊणएक तासाने ऑस्ट्राकॉड हे सूक्ष्म कवचधारी प्राणी मीलनासाठी निळ्या प्रकाशाच्या माळा सोडतात. त्या विजेरी मालवूनच पाहाव्या लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पौर्णिमेनंतर आठवडाभराने प्रवाळांचे प्रजनन होते व त्या रात्रींची आरक्षणे आधीपासून होतात.

ऊतींत उरलेल्या नायट्रोजनामुळे, एकापेक्षा अधिक बुड्या झाल्या असल्यास विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. त्यामुळे आठवड्याच्या मुक्कामातील शेवटचा दिवस सुका जातो. उत्तरेच्या वॉशिंग्टन-स्लाखबाई राष्ट्रीय उद्यानाला भेट देण्याचा तो ठरलेला दिवस. डीकम्प्रेशन सिकनेस झाल्यास क्रालेन्डाइकच्या रुग्णालयात उच्चदाब उपचारकक्षाची सोय आहे.

संरक्षण व वहनक्षमता : भाल्याने मासेमारी करण्यास बोनेअरवर १९७१ मध्ये व प्रवाळ काढण्यास १९७५ मध्ये बंदी झाली. १९७९ मध्ये भरतीरेषेपासून ६० मी. खोलीपर्यंतचे सर्व पाणी सागरी उद्यान म्हणून जाहीर झाले. टॉम व्हान्ट हॉफ हे त्याचे पहिले व्यवस्थापक. आरंभीचा निधी संपल्यावर उद्यान काही वर्षे कागदावरच राहिले. १९९२ मध्ये प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षाला १० डॉलर घेण्यास सुरुवात झाली आणि उद्यान स्वतःच्या पायावर उभे राहिले. शुल्काने गिऱ्हाईक पळेल, ही व्यावसायिकांची भीती खरी ठरली नाही.

जॉन डिक्सन, लुईझ स्कुरा व व्हान्ट हॉफ यांनी १९९३ मध्ये असा अंदाज मांडला, की एका जागी वर्षाला ४,००० ते ६,००० बुड्यांपर्यंत भित्ती तग धरते; त्यापुढे ऱ्हास दिसू लागतो. हा आकडा जगभर उद्धृत झाला, काही वेळा मूळ अटी वगळून. जूली हॉकिन्स, कॅलम रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बुडीस मनाई असलेल्या राखीव पट्ट्याशी तुलना करून दाखवले, की एकूण प्रवाळाच्छादनात फार फरक नसला तरी मोठ्या, सावकाश वाढणाऱ्या घुमटाकार प्रवाळांचे प्रमाण बुडीच्या जागी अधिक घटते. एका आकड्यावर विसंबण्यापेक्षा हा दुसरा निष्कर्ष अधिक सावध व उपयुक्त आहे.

१९८३-८४ मध्ये पनामापासून पसरलेल्या साथीने काळ्या लांब काट्यांचे सागरी अर्चिन कॅरिबियनभर मेले व प्रवाळांवर शेवाळ माजले. तो परिणाम अद्याप पुरता ओसरलेला नाही. मार्च २०२३ मध्ये कठीण प्रवाळांचे ऊतक नष्ट करणारा रोग बोनेअरवर आढळला. काही जागा बंद केल्या गेल्या आणि रिसॉर्टांतील धुण्याच्या हौदांशेजारी जंतुनाशकाचे हौद आले.

इतर बेटे : रोआतान व केमन येथील रिसॉर्टे नावेवर आधारलेली असून दिवसाच्या दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या असतात. ग्रँड केमनच्या सनसेट हाउससमोर पाण्याखाली ॲम्फिट्राइटीचा काशाचा पुतळा आहे. साबा बेटावरील सागरी उद्यान १९८७ चे असून तेही पाणबुड्यांच्या शुल्कावर चालते. परंतु तेथील हॉटेले डोंगरावरच्या गावांत, तर नावा खाली फोर्ट बे बंदरात असतात. त्यामुळे त्यांची गणना डाइव्ह रिसॉर्टांत सहसा करीत नाहीत.