मोबाइल एजंट व यजमान सर्व्हर : सुरक्षा आणि विश्वास

जो प्रोग्रॅम काम अर्धवट असतानाच आपला कोड व तोवर जमवलेली माहिती घेऊन एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो आणि तिथे पुढचे काम करतो, त्याला मोबाइल एजंट म्हणतात. त्याला उतरायला जागा देणारा तो यजमान सर्व्हर. दोघांचे मालक बहुधा वेगळे असतात. त्यामुळे पाहुण्याने घर लुटू नये आणि यजमानाने पाहुण्याला लुटू नये, असा हा दुहेरी प्रश्न आहे. पहिल्या अर्ध्याची उत्तरे बऱ्यापैकी सापडली. दुसऱ्याने मात्र संशोधकांना चांगलेच दमवले.

जनरल मॅजिक या अमेरिकन कंपनीच्या टेलिस्क्रिप्ट भाषेत (१९९४च्या सुमारास) या प्रश्नाचा विचार सुरुवातीपासून होता. तिच्यातला एजंट ‘गो’ ही आज्ञा देऊन तिकिटावर लिहिलेल्या ठिकाणी जाई. सोबत परवाना असे : किती सेकंद जगायचे, किती जागा व्यापायची, किती संसाधने खर्चायची. मर्यादा ओलांडणाऱ्या एजंटला यजमान थांबवू शके. एटी अँड टीची पर्सोनालिंक सेवा याच भाषेवर १९९४मध्ये सुरू झाली आणि १९९६मध्ये बंदही पडली. पुढे आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेतले ॲग्लेट्स जावावर चालत. तिथे यजमानाच्या रक्षणाचा मोठा भार जावाच्या सँडबॉक्सवर, म्हणजे परक्या कोडला फाइली व नेटवर्कपासून दूर ठेवणाऱ्या बंदिस्त आवारावर, होता.

डिजिटल सहीने कोड कोणाचा हे कळते, पण तो निरुपद्रवी आहे हे कळत नाही. शिवाय एजंटची माहिती प्रत्येक मुक्कामी बदलते, त्यामुळे एजंट घरून निघताना मालकाने केलेली सही तिला लागू पडत नाही. म्हणून फार्मर, गटमन व स्वरूप यांनी १९९६मध्ये असे सुचवले की एजंटची सद्यःस्थिती आधी तपासावी आणि मगच त्याला किती अधिकार द्यायचे ते ठरवावे. त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात नेकुला व ली यांनी वेगळी वाट काढली : कोडने आपल्या सुरक्षिततेची गणिती सिद्धता सोबत आणावी, यजमानाने ती फक्त तपासून घ्यावी. या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी कल्पना म्हणावी लागेल, कारण तिच्यात पाठवणारा कोण हे विचारावेच लागत नाही.

एजंटच्या बाजूने पाहिले तर कुंपणच शेत खाण्याची भीती. त्याची प्रत्येक सूचना यजमानाचाच प्रोसेसर चालवतो. म्हणजे त्याला ती वाचता येते, बदलता येते, पुन्हा पुन्हा चालवून पाहता येते. समजा, स्वस्त विमानतिकीट शोधणारा एजंट चौथ्या सर्व्हरवर उतरला. आधीच्या तिघांचे भाव तिथे उघडे पडतात. चौथा ते पुसून टाकील किंवा त्यांच्यापेक्षा एक रुपयाच कमी सांगेल. खरेदीसाठी मालकाची गुप्त किल्ली सोबत दिली असेल, तर ती यजमानाच्याच हाती दिल्यासारखी.

जिओव्हानी विन्या या संशोधकाचा उपाय फसवणूक रोखत नाही, ती नंतर पकडतो. त्यात यजमान कामाची नोंद ठेवतो आणि संशय आल्यास मालक ते काम स्वतः पुन्हा चालवून पडताळतो. कोड गुंतागुंतीचा करून तो उलगडेपर्यंतचा वेळ मिळवावा, असे होल यांनी १९९८मध्ये सुचवले. त्याच वर्षी सँडर व चुडिन यांनी दाखवले की बहुपदींसारखी काही गणिती फले (फंक्शन्स) कूटबद्ध रूपातच चालवता येतात. यजमान आकडेमोड करतो, पण कशाची ते त्याला उमगत नाही. कूटबद्ध माहितीवर कोणतीही आकडेमोड करण्याची पद्धत मात्र जेंट्री यांनी २००९मध्ये दिली आणि ती फारच संथ होती.

मोबाइल एजंट मागे पडले, पण परक्याच्या यंत्रावर आपले काम चालवण्याचा प्रश्न क्लाउडमुळे पुन्हा समोर आला. इंटेलच्या एसजीएक्सने २०१५पासून चिपमध्येच असा कप्पा दिला की ज्यात यजमानाच्या ऑपरेटिंग सिस्टिमलाही डोकावता येऊ नये. विश्वास ठेवायचा तो आता चिप बनवणाऱ्यावर. २०१८मध्ये उघड झालेल्या फोरशॅडो हल्ल्याने, कप्पा अस्सल असल्याची ग्वाही देणाऱ्या किल्ल्याच बाहेर काढता येतात हे दाखवून दिले.