बचत गटाचा प्रस्ताव परत का येतो? उमेदचा फिरता निधी आणि बँक कर्ज

उमेदच्या तालुका कक्षातून किंवा बँकेतून परत आलेल्या प्रस्तावावर बहुतेक वेळा एकच शेरा असतो : 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा.' कोणती त्रुटी, हे लिहिण्याचे कष्ट कोणी घेत नाही. मग अध्यक्ष आणि सचिव ताई पिशवीत रजिस्टरं घालून पुन्हा एसटी पकडतात, आणि तिकडे गेल्यावर कळतं की साहेब मीटिंगला गेलेत. प्रस्ताव अडतो तो चार-पाच ठरलेल्या जागी, आणि त्यातल्या निम्म्या जागी चूक गटाची नसते.

आधी प्राथमिक गोष्टी उरकून घेऊ. उमेद म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, केंद्राच्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा राज्यातला अवतार, २०११ पासूनचा. गट महिलांचा, १० ते २० जणींचा. आदिवासी किंवा दुर्गम भागात आणि दिव्यांगांच्या गटात किमान ५ चालतात. एका बाईने एकाच गटात राहायचं. माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) किंवा एखाद्या संस्थेच्या जुन्या गटात नाव असेल, तर आधी तिथला राजीनामा मंजूर झाल्याचा ठराव घ्या. गटाची कुठल्याही कायद्याखाली नोंदणी लागत नाही. दारिद्र्यरेषेचा दाखलाही लागत नाही, कारण गरीब कुटुंबं गावाने मिळून ओळखायची आणि ग्रामसभेने यादी मान्य करायची, अशी इथली पद्धत आहे. तरी 'बीपीएल नंबर काय?' असं अजूनही विचारलं जातं. उमेदच्या आधीच्या, बीपीएल यादी आणि अनुदानावर चालणाऱ्या स्वर्णजयंती योजनेची सवय, दुसरं काय! त्याच सवयीने 'सबसिडी किती?' असंही विचारतात. या अभियानात कर्जावर भांडवली अनुदान नाही. सवलत आहे ती व्याजात. कोणी अनुदान मिळवून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पैसे तीन वाटांनी येतात. पहिला फिरता निधी. राज्यात तो १५ हजार होता, २०२३ मध्ये ३० हजार केला. तो गटाच्या भांडवलात जमा होतो, परत करायचा नसतो आणि वाटूनही घ्यायचा नसतो. दिवाळीला समान वाटून मोकळे झालेले गट आहेत, त्यांचं पुढचं सगळं तिथेच अडलं. हा निधी एकदाच मिळतो. दुसरा समुदाय गुंतवणूक निधी. तो ग्रामसंघामार्फत, म्हणजे गावातल्या गटांच्या संघामार्फत येतो आणि हप्त्याने ग्रामसंघाला परत करायचा असतो. तिसरं बँकेचं कर्ज. या तिन्हीच्या आधी गटाच्या प्रगतीची तपासणी होते, आणि ती पंचसूत्रीवर होते : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत लेखे.

आता अडणाऱ्या जागा.

सगळ्यात जास्त घोळ सहा महिन्यांचा. बँक कर्जासाठी गट किमान सहा महिने चालू असावा लागतो. हे सहा महिने गटाच्या लेख्यांवरून मोजायचे, बँकेत बचत खातं उघडलं त्या तारखेपासून नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात हे स्पष्ट शब्दांत आहे. पण काउंटरवर पासबुक उघडून पहिल्या पानावरची तारीख बघतात आणि 'अजून दोन महिने थांबा' म्हणतात. गट जानेवारीत बसला, खातं मेमध्ये निघालं, तर जुलैत अर्ज करता येतो. बंद पडलेला गट पुन्हा उभा केला असेल, तर त्याला तीन महिने नीट चाललेले पुरतात. मात्र हे सिद्ध कशावर होणार? इतिवृत्तावर. म्हणून पहिल्या बैठकीचं इतिवृत्त, गट स्थापनेचा ठराव आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे ही तीन पानं जिवापाड जपा. झेरॉक्स नेताना मूळ रजिस्टरही न्या.

आणि रजिस्टर खरं असू द्या. तपासणीच्या आदल्या रात्री बसून सहा महिन्यांच्या बैठका एका दमात लिहिल्या, की ते लगेच दिसतं. सगळीकडे एकच निळं पेन, अंगठे सगळे एकाच दाबाचे आणि प्रत्येक बैठकीत 'चहापाणी होऊन सभा संपली'. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बाईची त्याच आठवड्यात हजेरी असते. एखादी बैठक झाली नसेल तर 'पेरणीमुळे बैठक झाली नाही' असं लिहा. खाडाखोड नसलेल्या खोट्या रजिस्टरपेक्षा एखादी बैठक चुकलेलं खरं रजिस्टर केव्हाही चांगलं टिकतं.

दुसरी जागा, भांडवल. पहिल्या वर्षी कर्जाची रक्कम गटाच्या भांडवलाच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातली जी जास्त असेल ती. दुसऱ्या टप्प्यात आठपट किंवा किमान ३ लाख. भांडवल म्हणजे पासबुकातली शिल्लक नव्हे. समजा ११ जणींनी महिना १०० रुपयांप्रमाणे आठ महिने बचत केली : ८,८०० झाले. फिरता निधी ३०,०००. अंतर्गत कर्जाचं व्याज १,२००. एकूण भांडवल ४०,०००, आणि त्याची सहापट २ लाख ४० हजार. पासबुकात मात्र साडेतीन हजार दिसतात, कारण बाकीचे पैसे सदस्यांकडे कर्जाऊ फिरताहेत, आणि तसे फिरायलाच हवेत. शाखेत मात्र 'खात्यात पैसेच नाहीत' म्हणून फाइल बाजूला पडते. यावर उपाय एकच : कर्ज खतावणीवरून कोणाकडे किती येणं आहे याचा एक पानी तक्ता करा, खाली भांडवलाची बेरीज मांडा आणि अर्जाला सगळ्यात वर लावा. बँक सखी, म्हणजे बँकेच्या कामात गटांना मदत करणारी उमेदची ताई, हे अर्ध्या तासात करून देते.

कागदांचं म्हणाल, तर गटाचा ठराव, अर्ज, सदस्यांमधला आपसातला करारनामा, बँकेशी करायचा करारनामा, श्रेणीकरणाचा (गटाच्या कामाला दिलेल्या गुणांचा) तक्ता, सूक्ष्म पत आराखडा (कोणाला कशासाठी किती कर्ज हवं, याचा), पासबुक आणि फोटो-आधारच्या झेरॉक्स. केवायसीबाबत एक नीट समजून घ्या. बचत खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते. सगळ्या सदस्यांची केवायसी कर्जाच्या वेळी घेता येते. गटाचं पॅन कार्ड नाही म्हणून खातं अडवू नये, फॉर्म ६० (पॅनऐवजीचं घोषणापत्र) घ्यावा, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय.

खरी रड असते नो ड्यूजची. गावातल्या सोसायटीचा, तालुक्यातल्या दोन-तीन बँकांचा, प्रत्येक सदस्याचा 'येणे बाकी नाही' दाखला मागतात. अकरा बायका गुणिले चार दाखले. एकेका दाखल्याला शंभर-दोनशे रुपये आणि एक रोज बुडतो. ग्रामीण व निमशहरी भागात बचत गटांसह कर्जदारांकडून हा दाखला मागणं बंद करावं, असं रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्येच कळवलंय. 'साहेब, परिपत्रकात नाही' एवढं नम्रपणे म्हणा. ऐकलं नाही तर तालुका अभियान व्यवस्थापकांना फोन लावून द्या.

सदस्याची थकबाकी हा याचाच भाऊ. एखादीच्या नवऱ्याचं पीककर्ज थकलंय, एखादीचा मायक्रोफायनान्सचा हप्ता चुकलाय, म्हणून अख्खा गट नाकारता येत नाही, जोवर गट स्वतः थकबाकीदार नाही. मात्र बँकेच्या त्या थकबाकीदार सदस्याला या कर्जातून रक्कम देता येत नाही. तिला गटातून काढून टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो. मुळीच काढू नका. तिची बचत, तिचा हक्क आणि बहुतेक वेळा सगळ्यात जास्त गरजही तिचीच असते.

आधारवर माहेरचं नाव आणि रजिस्टरला सासरचं, हे तर प्रत्येक गटात दोघी-तिघींचं. लग्नाची नोंद ग्रामसेवकाकडे होते, तो दाखला काढून आधार दुरुस्त करून घ्या. हे काम अर्जानंतर नाही, गट बसल्याबरोबर करायचं. नाव जुळलं नाही तर गटांच्या नोंदी ठेवणाऱ्या लोकोएस ॲपवर माहिती भरताना पुढेही घोळ होत राहतो.

ऊसतोडीला जाणारी गावं असतील, तर दसऱ्याच्या आत सगळं संपवा. आपसातल्या करारनाम्यावर प्रत्येकीची सही लागते, आणि टोळी एकदा कारखान्यावर गेली की ती सही उन्हाळ्यापर्यंत मिळत नाही. बीडकडच्या गटांचे प्रस्ताव डिसेंबरात का अडतात, याचं उत्तर बहुतेकदा हेच.

सूक्ष्म पत आराखड्यात अकराही जणींच्या नावापुढे 'शेळीपालन' लिहून नेऊ नका. कोणाला पिठाची गिरणी, कोणाला शिलाई मशीन, कोणाला मुलीच्या फीसाठी थोडे आणि सावकाराचे फेडायला थोडे, असं जे खरं असेल ते मांडा.

१० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, मार्जिन नाही. 'गटाच्या बचतीची एफडी करा, मग बघू' असं म्हटलं तर ते नियमाबाहेरचं आहे. बचत खात्यावर बोजा चढवता येत नाही.

कर्ज मिळाल्यावरची एक अट बऱ्याच गटांना महागात पडते. ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के व्याज, आणि नियमित फेडणाऱ्यांना आणखी ३ टक्के सूट. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं काढता-भरता येणाऱ्या) खात्यात 'नियमित' म्हणजे महिन्यातून किमान एकदा गटाने स्वतः भरणा केलेला असला पाहिजे, त्यातून महिन्याचं व्याज निघालं पाहिजे आणि उचल मर्यादेच्या वर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. 'सोयाबीन निघालं की एकदम भरू' असं ठरवलं, तर पैसे पूर्ण फिटतात, पण ३ टक्के जातात. मुदत कर्जाचा हप्ता असेल तर देय तारखेपासून ३० दिवसांच्या आत.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्याच. 'पोच देत नाही आम्ही' हे उत्तर चालत नाही, पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे. नाकारलं तर कारण लेखी मागा. तोंडी 'होत नाही' याला पुढे कुठेच दाद मागता येत नाही. लेखी कारण आणि पोच हातात असेल, तर ग्रामसंघाच्या ठरावासह ते तालुका कक्षाकडे द्या आणि तालुकास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत विषय घ्यायला लावा. तिथेही हललं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे जा.