कॉम्प्युटरात जेलीफिश

परवा वाडीतल्या शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरांवर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम) टाकत होतो, पेन ड्राइव्हवर २२.०४ व्हर्जन होतं तेच टाकलं. वॉलपेपरवर जेलीफिश आला. शेजारी बसलेल्या काकांची हर्णैला बोट आहे, ते म्हणाले, "मेल्या, हे जाळ्यात आलं की हाताची आग आग होते, नि तू पोरांच्या कॉम्प्युटरात घालतोस?" शाळा कमिटीतल्या एकाने तर सरळच विचारलं, फुकटचं, त्यात नाव 'जॅमी जेलीफिश', म्हणजे हा पोरखेळच ना?

आता नावं विचित्र आहेतच. ऑक्टोबर २००४ मधलं पहिलं उबुंटू 'वॉर्टी वॉर्टहॉग', म्हणजे चामखीळवालं रानडुक्कर! पण नंबर असताना नाव कशाला, तर उबुंटूचा नंबर म्हणजे तारीख असते, २२.०४ म्हणजे २०२२ चा एप्रिल, आणि काम सुरू होतं त्याच्या सहा महिने आधी. २००६ साली एप्रिलचं व्हर्जन जूनपर्यंत लांबलं, ६.०४ चं ६.०६ झालं, पण 'डॅपर ड्रेक' हे नाव तेच राहिलं. बारशाआधी बाळाला सगळे बाब्या म्हणतात तसंच.

खरी गंमत डेबियनची (तीही तशीच फुकटची सिस्टिम, उबुंटू तिच्यावरच उभं आहे). १९९५ मध्ये एका सीडीवाल्या कंपनीने अर्धवट व्हर्जनच १.० म्हणून विकलं, मग डेबियनवाल्यांना तो नंबर सोडून १९९६ मध्ये १.१ काढावं लागलं. तेव्हापासून सर्व्हरवर तयार होणाऱ्या व्हर्जनच्या फोल्डरला नंबर नाही, 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्राचं नाव. पहिलं 'बझ', कारण तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स तो सिनेमा काढणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. 'सिड' हा खेळणी मोडणारा पोरगा, म्हणून कायम कच्च्या असणाऱ्या शाखेचं नाव सिड. आणि रिलीजच्या दिवशी फाईली हलवायच्याच नाहीत, 'स्टेबल' (म्हणजे पक्कं) नावाची पाटी फक्त जुन्या फोल्डरवरून काढून नव्यावर लावायची, त्यामुळे जगभरच्या कॉपी सर्व्हरना सगळं परत उतरवावं लागत नाही. मला तर हे भारीच वाटतं.

तुमच्या डेबियनवाल्या मशीनमध्ये सोर्सेस लिस्ट म्हणून एक फाईल असते, अपडेट कुठून आणायचे ते त्यात. तिथे 'बुल्सआय' असं एका व्हर्जनचं नाव लिहिलंत तर मशीन बुल्सआयवरच राहतं, 'स्टेबल' लिहिलंत तर पाटी जाईल तिकडे मागोमाग जातं. मी 'स्टेबल' लिहिलेलं. जून २०२३ मध्ये पाटी 'बुकवर्म' या नव्या व्हर्जनवर गेली, अपडेट मारल्यावर त्याने इंग्रजीत विचारलं सुद्धा की नाव बदललंय, चालेल का, मी न वाचता वाय दाबलं, अपग्रेड सुरू केलं, आणि निम्म्यात पावसाने लाईट गेली. अर्धी पॅकेजं जुनी, अर्धी नवी. दोन दिवस गेले निस्तरण्यात.

नावावरून माल जोखायचा तर ३ जून २०२० ला आलेल्या वादळाचं नाव 'निसर्ग' होतं, किती गोड, आणि आमच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या त्यानेच. पण अंकशास्त्र बघून नावात एक जादा 'ए' घालून दुकान चालवायला निघालेल्यांना हे कोण सांगणार.

काकांना एवढं सगळं ऐकवल्यावर त्यांचा एकच प्रश्न, ह्याच्या पुढचा कुठला? म्हटलं, जास्त वर्षं अपडेट मिळणाऱ्यांतला पुढचा २४.०४, 'नोबल नंबॅट', ऑस्ट्रेलियातला प्राणी, वाळवी खाऊन जगतो.

"मग तोच टाक की. शाळेच्या कपाटाला लागलीय."