बिनसाखरेचा डायबेटिस: चवीवरून पडलेलं नाव

डायबेटिस इन्सिपिडस: साखरेशी संबंध नसलेला, भरपूर लघवी आणि तहान लागणारा आजार. पहिला शब्द ग्रीक, सायफनवरून आलेला: पाणी इकडून आत, तिकडून बाहेर. दुसरा लॅटिन, अर्थ बेचव. बेचव काय, तर लघवी! १६७४ मध्ये इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी मधुमेह्यांची लघवी गोड लागते असं नोंदवलं. १७९४ मध्ये योहान पीटर फ्रँक यांनी भरपूर पण गोडी नसलेली लघवी होणारे रुग्ण वेगळे काढले. चरकसंहितेतही इक्षुमेहापासून (उसाच्या रसासारखी गोड लघवी) उदकमेह निराळा आहे: लघवी स्वच्छ, पुष्कळ, गार, वास नसलेली. तो हाच आजार होता, असं मात्र छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

कारण सापडायला विसावं शतक उजाडलं. १९१३ मध्ये इटलीत फारिनी आणि जर्मनीत फॉन डेन व्हेल्डेन यांनी पिट्यूटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) मागच्या भागाचा अर्क टोचला, आणि लघवी आटली. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारं व्हॅसोप्रेसिन हे हॉर्मोन पिट्यूटरीच्या याच भागात साठतं. त्याच्या हुकमावर मूत्रपिंड पाणी परत ओढून घेतं. ते नसलं की दिवसाला ३ लिटरपासून कधी १५-२० लिटरपर्यंत लघवी होते. तहान ही त्याची भरपाई, म्हणून पाणी तोडणं हा उपाय नव्हेच.

सुरुवातीचे उपचार जिकिरीचे होते. जनावरांच्या पिट्यूटरीची पूड तपकिरीसारखी ओढायची, नाक चुरचुरायचं. तेलातल्या इंजेक्शनची बाटली कोमट करून जोरात हलवावी लागे, नाहीतर औषध तळाशी आणि सुईत नुसतं तेल. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी व्हॅसोप्रेसिन प्रयोगशाळेत बनवलं. १९६७ मध्ये प्रागमध्ये त्याच्या रेणूत दोन बदल करून डेस्मोप्रेसिन तयार झालं: परिणाम जास्त वेळ टिकतो, रक्तदाब जवळजवळ वाढत नाही. काहींना मात्र त्याचा उपयोग होत नाही. त्यांच्यात हॉर्मोन असतं, मूत्रपिंडच दाद देत नाही; जन्मजात दोषामुळे, किंवा वर्षानुवर्षं घेतलेल्या लिथियम या मनोविकारांवरच्या औषधामुळे.

जुन्या नावाने घोळ व्हायचा. ‘डायबेटिस’ वाचून वॉर्डात साखर तपासली जाई, ती नॉर्मल निघे आणि डेस्मोप्रेसिनचा डोस राहून जाई. मग काही तासांत शरीरातलं पाणी घटतं, रक्तातलं सोडियम चढतं. जीव गेल्याच्याही घटना आहेत. म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी नवी नावं सुचवली: हॉर्मोन कमी असेल तर ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’ आणि मूत्रपिंड दाद देत नसेल तर ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स’. जुन्या केसपेपरवर अजून पहिलंच नाव असतं. तिथे औषधाचं नाव आणि ‘डोस चुकवू नये’ हे ठळक लिहून घ्यावं.