सूचना त्याच, बस वेगळी

सातपूर एमआयडीसीतल्या एका जुन्या पॅकिंग मशीनचं कंट्रोल कार्ड दुरुस्तीला आलं. मधोमध ४० पायांची ८०८५ ही प्रोसेसर चिप, शेजारी काचेची खिडकी असलेलं, प्रोग्रॅम साठवणारं ईप्रॉम. चिप गेली होती. ही चिप आजही शोधून मिळते, पण मला त्या सॉकेटात एक छोटा मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटासा संगणक) बसवून त्याच्याकडून ८०८५चं काम हुबेहूब करून घ्यायचं होतं.

डिप्लोमाला ८०८५चं किट हाताळलेल्यांना लाल आकडे आणि हेक्स कीपॅड आठवत असेल. तिथे आपण प्रोसेसरला द्यायच्या सूचना शिकलो. पायांवर काय घडतं, ते मात्र टायमिंग डायग्राम काढण्यापुरतंच राहिलं, आणि खरी गंमत तिथेच आहे.

इंटेलची ८०८० आली १९७४ मध्ये. तिला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत. १९७६ मधली ८०८५ एकट्या ५ व्होल्टवर भागवते, म्हणून नावात ५. त्याच वर्षी फेडेरिको फॅजिन यांच्या झायलॉगची झेड-८० आली. ८०८०साठी लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅम या दोघींवर चालतात. (याच घराण्यातली ८०सी८५ सोजर्नर गाडीत बसून १९९७ मध्ये मंगळावर पोहोचली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.)

८०८५च्या बसमध्ये, म्हणजे पत्ता आणि डेटा नेणाऱ्या तारांच्या जुडग्यात, पत्त्याच्या १६ तारांपैकी खालच्या ८ तारा डेटासाठीही वापरतात. घड्याळाच्या पहिल्या ठोक्याला त्यांच्यावर पत्ता येतो. एएलई नावाचा पाय वर जातो आणि तो खाली येताच लॅच नावाची बाहेरची चिप पत्ता पकडून ठेवते. बाजार समितीत कोणी गाळा नंबर ओरडून सांगावा आणि दुसऱ्याने तो लगेच पाटीवर टिपावा, तसं. मग त्याच तारांवरून डेटा जातो. घड्याळ ३.०७२ मेगाहर्ट्‌झचं असेल तर एक ठोका सुमारे ३२५ नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात मायक्रोकंट्रोलरने तारा सोडल्या नाहीत, तर तो आणि ईप्रॉम एकाच तारेवर ओढाताण करतात.

हे जमलं. प्रोग्रॅम धावू लागला, पण मशीनचे भाग चालू-बंद करणारे रिले मात्र ढिम्म. कधीतरी एखादाच टक्‌ आवाज यायचा.

दोन संध्याकाळी तारांवरचे संकेत टिपणारा लॉजिक अ‍ॅनालायझर लावून बसलो. सूचना समजून घेणारा भाग मी झेड-८०च्या तयार इम्युलेटरमधून (तिची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून) उचलला होता. पोर्टला, म्हणजे बाहेरच्या उपकरणांकडे जाणाऱ्या दाराला, डेटा पाठवताना ८०८५ पोर्टचा क्रमांक खालच्या आणि वरच्या, दोन्ही आठ-आठ तारांवर ठेवते. झेड-८० त्याच सूचनेला वरच्या तारांवर अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे पाठवायचा डेटाच ठेवते. कार्ड बनवणाऱ्याने पोर्ट वरच्या तारांवरूनच ओळखायची सोय केली होती, कारण तिथे लॅच लागत नाही. शहाणपणाची काटकसर! पोर्ट होतं ४०एच (एच म्हणजे हेक्स आकडा). त्यामुळे डेटा योगायोगाने ४०एच असला, तरच रिले हलायचा.

एक ओळ बदलली आणि रिले वाजू लागले.

मग ठोके मोजायला घेतले. ‘डीसीआर’ (एक वजा कर) आणि ‘जेएनझेड’ (शून्य झालं नसेल तर उडी मार) या सूचनांचं विलंबाचं वेटोळं ८०८०वर दर फेरीला १५ ठोके घेतं, ८०८५वर १४. या मशीनची गोंदाची नळी किती वेळ उघडी राहायची, ते अशाच वेटोळ्यावर ठरत होतं.