पन्हळीचा पाइप सांडपाण्याच्या लाइनला जोडू नका
(कोकणातल्या वाड्या आणि लहान वसाहतींमधल्या आमच्या ग्राहकांसाठी)

पाऊस लागला की आम्हाला फोन येतात: "सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट नवा, तरी चेंबर भरून वाहतोय." झाकण उघडलं की बहुतेक वेळा कुणीतरी पन्हळीचा पाइप हळूच आत सोडलेला सापडतो.

हिशोब बघा. हजार चौरस फुटांच्या छपरावर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि आपल्याकडे तो पडतोच, तर 9,000 लिटरपेक्षा जास्त पाणी जमतं. पाच माणसांच्या घरातून रोज निघतं साधारण 500 लिटर सांडपाणी. म्हणजे वीस घरांच्या प्लांटवर एका छपराने आणखी अठरा घरं आणून बसवली! पाणी तुंबलं तर ओसरेल. पण घाण कुजवणारे जीवाणू गाळासकट वाहून गेले, की पुन्हा तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर वास सुटतो आणि बोल आम्हाला.

म्हणून जोडणीआधी आम्ही प्रत्येक छपरावर रंगीत पाणी ओतून ते कुठे निघतं ते पाहतो. काहींना ही कटकट वाटते. वाटू दे. न्हाणीचं, मोरीचं, कपड्यांचं पाणी खुशाल सोडा, पागोळ्यांचं नको.

"प्लांट कशाला? शोषखड्डा इतकी वर्षं चालला की!" असंही ऐकतो. चालला म्हणजे पाणी दिसेनासं झालं, इतकंच. भारतीय मानकाप्रमाणे तो विहिरीपासून किमान 18 मीटर लांब हवा. दाट वाडीत एवढी जागा कुठे? शिवाय जांभ्याला भेगा असल्या तर तेवढं अंतरही पुरत नाही.

जुनी सेप्टिक टाकी धड असेल तर आम्ही ती मोडत नाही. गाळ तिच्यातच बसतो, वरचं पाणी चार इंची पाइपाने पुढे जातं, त्यामुळे खोदकामाचा खर्च वाचतो. दोन-तीन वर्षांनी टँकरने उपसा मात्र लागतोच, म्हणून झाकणावर पेव्हर ब्लॉक बसवू नका. माणूस आत उतरवायला तर कुणी सांगूच नका. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैलासफाईवर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

पुढे पाणी आडभिंतींच्या टाकीतून कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यात जातं. उतार मिळाला तर मोटर लागत नाही. जागा थोडी जास्त जाते खरी, पण पावसात वीज गेली तरी काम थांबत नाही.

पन्हळीसाठी वेगळी लाइन हवी असल्यास तीही करून देतो. मात्र पाहणीला एप्रिलमध्येच बोलवा; जूनमध्ये चर खणला की रात्रीत बुजतो.