प्रपोर्शन

प्रपोर्शन : दोन राशींमधील, अथवा एखाद्या वस्तूचे अवयव आणि ती संपूर्ण वस्तू यांमधील परिमाणाचा संबंध दर्शविणारा इंग्रजी शब्द. गणितात तो दोन गुणोत्तरांची समानता (उदा., २ : ३ = ८ : १२) एवढ्या मर्यादित अर्थाने वापरतात. मराठीत त्यास ‘प्रमाण’ ही संज्ञा रूढ आहे.

हा शब्द लॅटिन ‘प्रोपोर्तिओ’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘प्रो पोर्तिओने’, म्हणजे ‘ज्याच्या त्याच्या वाट्यानुसार’, हा वाक्प्रयोग आहे, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो ‘पोर्तिओ’ या घटकाबद्दल. एका मतानुसार ‘वाटा’ या अर्थाचे हे नाम आधीपासून स्वतंत्र होते आणि वाक्प्रयोग त्यावरून बनला. दुसऱ्या मतानुसार मूळ रूप ‘प्रो पार्तिओने’ असे असून, आधीच्या ‘प्रो’मधील ओकाराच्या प्रभावाने पुढच्या शब्दातील आकाराचा ओकार झाला आणि ‘पोर्तिओ’ हे नाम नंतर त्यातून सुटे झाले. हे मूळ रूप कोठेही लिखित आढळत नाही, ते केवळ अनुमानित आहे; तथापि ‘पार्स’ (भाग) या शब्दाशी असलेले नाते आणि त्यातील स्वरभेद या दोहोंचा उलगडा त्याने होत असल्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘पार्स’चा संबंध काही अभ्यासक संस्कृत ‘पूर्त’ (‘इष्टापूर्त’ मधील, दान, देणे) या शब्दाशीही जोडतात.

पारिभाषिक शब्द म्हणून ‘प्रोपोर्तिओ’ घडला तो ग्रीक ‘अनालोगिआ’ला (प्रमाण, सादृश्य) प्रतिशब्द म्हणून. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटोच्या ‘तिमाएउस’ या संवादाचे लॅटिन रूपांतर करताना (सुमारे इ. स. पू. ४५) रोमन लेखक सिसरोने ‘कोम्पारातिओ’ आणि ‘प्रोपोर्तिओ’ असे दोन पर्याय सुचविले व या गोष्टी आपण प्रथमच घडवीत असल्याने धाडस करणे भाग आहे, असेही म्हटले. त्याच सुमारास रोमन विद्वान व्हारोने व्याकरणातील ‘अनालोगिआ’साठी (शब्दरूपांतील नियमित सादृश्यासाठी) ‘प्रो पोर्तिओने’ वापरलेले दिसते. त्यामुळे श्रेय एकट्या सिसरोला देण्यापेक्षा प्रचारातल्या वाक्प्रयोगाला त्याने नामाचे रूप दिले, असे म्हणणे सावधपणाचे ठरेल.

यूक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीग्रंथाच्या पाचव्या खंडात, ज्यातील सिद्धांत सामान्यतः ग्रीक गणिती यूडॉक्ससचा (इ. स. पू. चौथे शतक) मानला जातो, ‘लोगोस’ म्हणजे गुणोत्तर आणि ‘अनालोगिआ’ म्हणजे गुणोत्तरांची समानता असा स्पष्ट भेद आहे. रोमन तत्त्ववेत्ता बोएथिअसने (सुमारे इ. स. ५००) मात्र गुणोत्तराला ‘प्रोपोर्तिओ’ आणि त्यांच्या समानतेला ‘प्रोपोर्तिओनालितास’ म्हटले. त्यामुळे इंग्रज विद्वान ब्रॅडवर्डीनच्या १३२८ मधील ग्रंथाच्या शीर्षकात ‘प्रमाणे’ असली, तरी आत विवेचन गुणोत्तरांचे आहे. इंग्रजीतही हा घोळ बराच काळ टिकला : बिलिंग्जलीने १५७० मध्ये केलेल्या यूक्लिडच्या भाषांतरात गुणोत्तराला ‘प्रपोर्शन’च म्हटले आहे. ‘रेशो’ (गुणोत्तर) हा शब्द सतराव्या शतकात गणितात रुळल्यावर दोन्ही अर्थ वेगळे झाले. समान गुणोत्तरांमध्ये चार टिंबांचे चिन्ह (::) घालण्याची पद्धत इंग्रज गणिती ऑट्रेडच्या १६३१ मधील ग्रंथात आढळते.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतो. इंग्रज कवी चॉसरने मुलासाठी लिहिलेल्या अ‍ॅस्ट्रोलेब या खगोलीय वेधयंत्रावरील पुस्तकाच्या (सुमारे १३९१) प्रस्तावनेत, संख्या आणि प्रमाणे यांविषयीच्या शास्त्रात तुझी गती दिसते, असे तो मुलाला सांगतो. शिल्प व चित्रकलेतील प्रमाणबद्धतेचा अर्थही जुनाच आहे.

‘प्रमाण’ या मराठी प्रतिशब्दाचा इतिहास निराळा आहे. ‘प्र + मा’ म्हणजे मोजणे, यावरून आलेल्या या शब्दाचा न्यायशास्त्रात ज्ञानाचे साधन असा अर्थ आहे, तर त्रैराशिकात, म्हणजे तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याच्या रीतीत, ते त्या तिघींपैकी पहिलीचे नाव आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (११५०) उदाहरणात ३/७ निष्कांना (निष्क हे नाणे) अडीच पल (पल हे वजन) केशर मिळते, तर ९ निष्कांना किती, असे विचारले आहे. येथे ३/७ हे प्रमाण, अडीच हे फळ आणि ९ ही इच्छा होय. फळाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले असता ५२ १/२ पल हे उत्तर येते. म्हणजे परंपरेतील ‘प्रमाण’ ही एकच राशी असून, शालेय पुस्तकांतील ‘गुणोत्तर व प्रमाण’ या जोडीतील अर्थ तिला मागाहून चिकटला आहे. ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व’ या राज्यशास्त्रीय संज्ञेत मात्र ‘वाट्यानुसार’ हा लॅटिन अर्थच उतरला आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५५ नुसार राष्ट्रपतींची निवडणूक याच पद्धतीने, एकल संक्रमणीय मताद्वारे (मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम देऊन) होते.